मरण केव्हा आले, हे देह सांगतो

घरातले म्हातारे माणूस अंथरुणावर, लेकराबाळांच्या देखत गेले तर ‘कधी गेले?’ असे विचारावे लागत नाही. चार माणसे उशा-पायथ्याला बसलेली असतात, तोंडात तुळशीपत्र घातलेले असते, कुणीतरी घड्याळाकडेही पाहिलेले असते. पण घरधनी रात्री गव्हाला पाणी द्यायला गेला आणि सकाळी बांधावर निपचित पडलेला सापडला, सून विहिरीत सापडली, एकटी राहणारी म्हातारी दोन दिवसांनी दार फोडल्यावर दिसली, तर मात्र पोलिसांचा, पंचांचा आणि नातलगांचा पहिला प्रश्न हाच असतो: मरण केव्हा आले?

त्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते. कुणावर संशय घ्यायचा आणि कुणाला मोकळे सोडायचे, माणूस पडला त्याच जागी मेला की कुणी आणून टाकला, हे सारे त्या वेळेशी बांधलेले असते. आणि ती वेळ सांगणारा कुणी जिवंत साक्षीदार नसला, तरी एक साक्षीदार समोरच पडलेला असतो. तो म्हणजे मेलेल्या माणसाचा देह. त्याची साक्ष कशी असते आणि आपल्याच हातून ती कशी पुसली जाते, हे प्रत्येक शेतकरी कुटुंबाला ठाऊक असायला हवे. विषय जड आहे, पण वेळ कुणावर सांगून येत नाही.

पहिली खूण : अंग गार पडणे

जिवंत माणसाचे अंग साधारण ३७ अंश सेल्सिअस उष्ण असते. प्राण गेला की आतली शेगडी विझते आणि अंग हळूहळू भोवतालच्या हवेइतके होऊ लागते. वरची कातडी लवकर गार लागते, पण पोटातली ऊब बराच वेळ टिकते. म्हणून डॉक्टर हाताने चाचपून निर्णय देत नाहीत, लांब तापमापीने देहाच्या आतली उष्णता मोजतात.

थंड देशांतल्या पुस्तकांत ‘तासाला सुमारे एक अंश’ असा ढोबळ हिशोब असतो. आपल्याकडे तो जसाच्या तसा चालत नाही. आपली हवाच उबदार, त्यामुळे देह सावकाश निवतो. विदर्भात वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उघड्यावर पडलेला देह गार व्हायचा सोडून तापतो. तेथे ही खूण काहीच सांगत नाही. शिवाय लठ्ठ माणूस हळू निवतो, किडकिडीत माणूस आणि मूल लवकर. अंगावर घोंगडी असली तर वेळ लागतो, पाण्यात देह भराभर थंड होतो. मरतेवेळी अंगात ताप असला किंवा ऊन लागले असले, तर सुरुवातच ३७ च्या वरून होते.

दुसरी खूण : रक्त खाली उतरणे

पाटाचे पाणी जसे उताराकडे जाते, तसेच हृदय थांबल्यावर रक्त जमिनीकडच्या बाजूला उतरते. माणूस उताणा पडला असेल तर पाठीवर, मानेमागे, मांड्यांच्या मागच्या अंगाला जांभळट-तांबूस डाग दिसू लागतात. गळफासात ते पायांवर आणि हातांच्या पंजांवर उतरतात. जिथे देह जमिनीला दाबून टेकलेला असतो, म्हणजे खवाटे, कुल्ले, टाचा, तिथली जागा मात्र पांढुरकी राहते, कारण दाबामुळे तिथे रक्त शिरत नाही.

हे डाग मृत्यूनंतर अर्ध्या-एक तासात ठिपक्यांसारखे सुरू होतात आणि काही तासांत एकमेकांत मिसळतात. सुरुवातीला देह पालथा केला तर डागही जागा बदलतात. पण साधारण ६ ते १२ तासांत ते पक्के होतात. मग देह कसाही फिरवा, डाग जिथल्या तिथे. म्हणून देह उताणा सापडला आणि डाग छातीवर-पोटावर असले, तर डॉक्टर लगेच ओळखतात की हा माणूस मेल्यानंतर कित्येक तास पालथा होता आणि मागाहून कुणीतरी त्याला उलटवले.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. हे डाग म्हणजे माराचे वळ नव्हेत. अंग निळे पडले म्हणजे विषच घातले, असेही नव्हे. हे डाग बहुतेक प्रत्येक देहावर येतात, अंथरुणावर शांतपणे गेलेल्या आजोबांच्या पाठीवरसुद्धा. गावात पुष्कळदा अंघोळ घालताना कुणाला तरी पाठ जांभळी दिसते, ‘मारून टाकले’ अशी आरोळी उठते आणि दोन घरांत कायमचे वैर पडते. उलट, खरोखरच मार बसलेला असला तर तोही ‘रक्त उतरले असेल’ म्हणून झाकला जाऊ शकतो. दोन्हींतला फरक डॉक्टर छेद घेऊन पाहतात. मार लागलेल्या ठिकाणी रक्त मांसात मुरलेले असते, नुसते उतरलेले रक्त शिरांतच असते. हे काम डोळ्यांच्या अंदाजाने, ओसरीवर बसून करण्याचे नाही.

तिसरी खूण : अंग ताठणे

गोठ्यात रात्री मेलेला बैल सकाळी उचलताना पाय लाकडासारखे ताठलेले असतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. माणसाचेही तसेच होते. स्नायू सैल पडायला सुद्धा शक्ती लागते. मेल्यावर ती शक्ती तयार होणे थांबते, उरलेला साठा संपतो आणि स्नायूंचे तंतू एकमेकांत अडकून बसतात. यात भुताखेताचे काही नाही.

ताठरपणा आधी पापण्या आणि जबडा, मग मान, मग हात, शेवटी पाय असा दिसत जातो. आपल्या हवेत तो एक-दोन तासांत जाणवू लागतो. ढोबळ हिशोब असा की सुमारे १२ तासांत सारे अंग ताठते, सुमारे १२ तास तसेच राहते आणि पुढच्या १२ तासांत त्याच क्रमाने, जबड्यापासून पायांकडे, सैल होते. उन्हाळ्यात हे सारे लवकर उरकते, हिवाळ्यात लांबते. मरणाआधी माणूस जोरात पळाला असेल, झटापट झाली असेल किंवा झटके आले असतील, तर अंग फार लवकर ताठते. अशक्त म्हाताऱ्याचे आणि तान्ह्या मुलाचे अंग थोडेसेच ताठते आणि लवकर सैलावते.

आता आपली एक रीत पाहा. कुणी गेले की आपण मायेने त्याचे हात-पाय सरळ करतो, जबडा बांधतो, पायांचे अंगठे बांधतो. घरी आजाराने गेलेल्या माणसाच्या बाबतीत त्यात काही वावगे नाही. पण संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूत ताठलेले हात ओढून सरळ केले, तर तो ताठरपणा मोडतो आणि पुन्हा येत नाही. मग डॉक्टरांना हात सैल आणि पाय ताठ मिळतात, आणि हिशोबच चुकतो.

एक उदाहरण घेऊ

समजा, माघ महिना आहे. विजेची पाळी रात्रीची, म्हणून एक शेतकरी रात्री ८ वाजता भाकरी खाऊन १० वाजता मळ्यात गेला. सकाळी ६ वाजता पोराला तो बांधावर पालथा पडलेला सापडला. शेजारच्या भाऊबंदाशी त्याचा बांधावरून वाद होता, आणि त्या भाऊबंदाला पहाटे ४ वाजता त्याच वाटेने येताना कुणीतरी पाहिले होते. झाले! सूर्य वर यायच्या आत गावाने निकाल देऊन टाकला.

आता पोलीस पाटील ६।। वाजता आले. त्यांनी पाहिले की अंग गार आहे, जबडा, मान आणि दोन्ही हात चांगलेच ताठलेले आहेत. त्यांनी ते वेळेसह टिपून ठेवले. हिवाळ्याच्या गारठ्यात अडीच तासांत अंग इतके ताठणे अवघड. म्हणजे मरण ४ च्या बऱ्याच आधी, कदाचित मध्यरात्रीच्या सुमारास आले असण्याचा संभव अधिक. डॉक्टरांनी पुढे पोट तपासले. भाकरी बरीचशी तशीच निघाली, तर जेवणानंतर फार वेळ गेला नसावा असे त्यालाही दुजोरा मिळतो. अर्थात पोटाचा हिशोब पक्का नसतो. भीती, दुखणे, इजा यांनी पचन मंदावते. तरी चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असल्या, तर निरपराध माणसाच्या गळ्यातला दोर सैल होतो.

याउलट, बाया-माणसांनी रडण्याच्या भरात त्याला उताणा केला, घरी आणून खाटेवर ठेवला, हात सरळ केले, अंगावरचा चिखल पुसला, आणि विचारल्यावर ‘असाच सापडला’ असे सांगितले, तर? छातीवरचे डाग सांगतात की देह पालथा होता, आणि घरचे सांगतात की उताणा होता. मग संशय घरच्यांवरच येतो. खोटे बोलण्याचे कारण काहीच नसते, पण घोळ व्हायचा तो होऊन बसतो.

दिवस उलटल्यावर

एक-दोन दिवस गेले की देह कुजू लागतो. आधी पोटाच्या उजव्या बाजूला, खालच्या अंगाला हिरवट डाग पडतो, कारण मोठे आतडे तिथे सुरू होते आणि त्यात जंतूंची वस्ती दाट असते. आपल्या उन्हाळ्यात हा डाग १२ ते १८ तासांतही दिसतो, थंडीत एक-दोन दिवस लागतात. मग कातडीवर झाडाच्या फांद्यांसारख्या हिरव्या-काळसर रेषा उमटतात, पोट फुगते, कातडी सुटू लागते.

‘पाणी प्रेत ठेवून घेत नाही, वर देते’ असे जुनी माणसे म्हणतात. त्याचे कारणही हेच. बुडालेला देह आधी तळाशी जातो. आत वायू साठला की फुगून वर येतो. उन्हाळ्यात तो सुमारे एका दिवसात तरंगतो, थंडीत दोन-तीन दिवस किंवा अधिकही लागतात. खोल, गार पाण्याच्या विहिरीत त्याहूनही उशीर होतो. कॅस्पर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी पूर्वी एक ढोबळ प्रमाण सांगून ठेवले आहे: देह उघड्या हवेत एका आठवड्यात जितका कुजतो, तितका पाण्यात दोन आठवड्यांत आणि जमिनीत पुरल्यावर आठ आठवड्यांत. देह फार ओलसर जागी राहिला तर त्याची चरबी साबणासारखी घट्ट होऊन चेहरामोहरा महिनोन्‌महिने टिकतो. कोरड्या, तापलेल्या वाऱ्यात तो सुकून जातो.

मेल्यावर दाढी आणि नखे वाढतात, असेही म्हणतात. ती वाढत नाहीत. कातडी आक्रसते, म्हणून खुंट वर आलेले दिसतात इतकेच.

माशी साक्ष देते

शेतकऱ्याला किडीचा हिशोब नव्याने शिकवायला नको. कपाशीवर पतंगाने अंडी घातली की किती दिवसांत अळी, किती दिवसांत कोष, हे आपण फवारणीसाठी मोजतोच. तोच हिशोब इथे चालतो. उघड्यावरच्या देहावर माशा लवकरच बसतात आणि नाक, तोंड, डोळे, जखमा येथे अंडी घालतात. उन्हाळ्यात साधारण एका दिवसाच्या आत अंड्यांतून अळ्या निघतात, पुढे चार-पाच दिवसांत कोष होतो, आणि आणखी चार-पाच दिवसांत त्यातून माशी उडते. थंडीत हे दिवस वाढतात. म्हणून देहावर रिकामे कोष सापडले, तर मरण कालपरवाचे नाही हे उघड आहे.

माशीची साक्ष फार जुनी आहे. चीनमध्ये सोंग त्सू नावाच्या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली मृत्यूच्या तपासावर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक हकिगत आहे. एका माणसाचा विळ्याने खून झाला. अधिकाऱ्याने आसपासच्या लोकांना आपापले विळे आणून जमिनीवर मांडायला लावले. दिवस उन्हाचा होता. सत्तर-ऐंशी विळ्यांपैकी एकाच विळ्यावर माशा घोंघावू लागल्या. धुतला तरी रक्ताचा वास राहिला होता. त्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला.

दुसरी हकिगत फ्रान्सची. १८५० साली एका घराची डागडुजी करताना भिंतीत तान्ह्या बाळाचा सुकलेला देह सापडला. संशय साहजिकच घरात राहणाऱ्या जोडप्यावर गेला. डॉ. बर्जरे यांनी देहावरचे कोष आणि अळ्या तपासून सांगितले की हे मरण १८४८ सालचे असावे, म्हणजे हे जोडपे तिथे राहायला येण्याच्या आधीचे. संशय त्यांच्यावरून उठला. त्यांचा किडीच्या वाढीचा हिशोब आजच्या माहितीप्रमाणे पूर्ण बरोबर नव्हता, पण रस्ता त्यांनी दाखवला. आज या शास्त्राच्या जोडीला डोळ्यातल्या पारदर्शक द्रावातील पोटॅशियम मोजण्यासारख्या तपासण्याही आहेत. मरणानंतर ते हळूहळू वाढत जाते.

नेमकी वेळ कुणी सांगत नाही

सिनेमातला डॉक्टर नाडी सोडतो आणि ‘रात्री सव्वादोनला मृत्यू’ असे बजावतो. खरा डॉक्टर तसे कधीच सांगत नाही. तो म्हणतो, ‘तपासणीच्या आधी ८ ते १२ तासांदरम्यान.’ हे ऐकून कित्येक नातलग चिडतात. पण हा टाळाटाळीचा जबाब नव्हे, प्रामाणिक जबाब आहे. हवा, कपडे, अंगकाठी, आजार, पाणी, ऊन-सावली या साऱ्यांनी हिशोब मागेपुढे होतो, आणि जितका उशीर तितका अंदाज ढोबळ. न्यायालयही डॉक्टरांचे मत एकटे धरत नाही. शेवटचे कुणी पाहिले, फोन कधी लागला, मोटार कधी बंद झाली, अशा पुराव्यांशी ते जुळवून पाहते.

आधी जीव आहे का ते पाहा

आतापर्यंत सांगितलेल्या खुणा उमटायला वेळ लागतो. म्हणून नुसते अंग गार लागले, श्वास दिसला नाही, की ‘संपला’ असे म्हणू नका. मण्यार किंवा नाग चावलेल्या माणसाचे स्नायू लुळे पडतात. पापणी हलत नाही, श्वास जाणवत नाही, पण हृदय चालू असू शकते. कृत्रिम श्वास आणि सर्पविषावरची लस मिळाली तर असा माणूस उठून बसतो. वीज पडलेला, शॉक लागलेला, नुकताच पाण्यातून काढलेला माणूस यांचेही तसेच. शॉक असेल तर आधी वीज बंद करा, मग हात लावा. श्वास नसेल तर छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे सुरू करा, १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा. गळफास असेल आणि जीव असण्याची जराही शक्यता असेल, तर देह खालून धरून दोर ताबडतोब कापा, फक्त गाठ सोडू नका, गाठीच्या वरून कापा. जीव वाचवताना पुराव्याची पर्वा करायची नसते.

मरण नक्की असेल तेव्हा

मरण उघड असेल, अंग ताठलेले किंवा कुजू लागलेले असेल, तर मात्र हात आवरा.

पोलीस पाटलांना आणि पोलीस ठाण्याला लगेच कळवा. देह हलवू नका, धुऊ नका, कपडे बदलू नका. कुत्री, जनावरे आणि बघ्यांची गर्दी दूर ठेवा. देह सापडला ती वेळ, तो उताणा की पालथा, उन्हात की सावलीत, अंग ताठ की सैल, हे कागदावर लिहून ठेवा. शेवटचे जेवण केव्हा, अंगात ताप होता का, शेवटचे कुणी पाहिले, हे आठवून सांगा. आणि देह हलवलाच असेल तर तसे स्पष्ट सांगा. त्यात गुन्हा नाही, लपवण्यात मात्र घोटाळा आहे.

पोलीस येऊन गावातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसांसमक्ष पंचनामा करतात. १ जुलै २०२४ पासून हे काम नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत बाईने आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर शवविच्छेदन टळत नाही. पंच म्हणून बोलावले तर टाळू नका, आणि न वाचता सहीही करू नका. जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले आहे ना, हे पाहा.

‘देहाची चिरफाड नको’ म्हणून कित्येक घरे साप चावून गेलेल्या माणसावर गुपचूप अंत्यसंस्कार उरकतात. त्यांची कळकळ समजते. पण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश, वीज, विजेचा शॉक, बुडणे अशा अपघाती मृत्यूला वारसांना दोन लाख रुपये मिळतात, आणि तिथे मृत्यू कसा झाला याचे कागद लागतात. अग्नी दिल्यावर ते कागद कुठून आणणार? कोणती कागदपत्रे लागतात ते तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच विचारावे.

रात्री शवविच्छेदन का करत नाहीत, अशीही तक्रार असते. सोयी असलेल्या रुग्णालयांना केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये रात्रीची परवानगी दिली. मात्र खून, आत्महत्या, कुजलेला देह किंवा घातपाताचा संशय अशा प्रकरणांत, कायदा-सुव्यवस्थेची निकड नसेल तर, ते काम दिवसाच होते. तेव्हा एक रात्र थांबावे लागले तर धीर धरावा.

गेलेला माणूस काही परत येत नाही. पण तो कसा आणि केव्हा गेला, हे खरे खरे कळले तर मागे राहिलेल्यांच्या मनातला संशयाचा काटा निघतो, निरपराधाची अब्रू वाचते आणि अपराधी सुटत नाही. त्यासाठी आपल्याला वैद्यक शिकायला नको. अशा वेळी घाई न करता, जे पाहिले ते वेळेसह टिपून ठेवले आणि खरे सांगितले, तरी पुष्कळ झाले.